आपापल्या गतीने, शुक्रवारपर्यंत

दप्तरखोलीचं दार मी पायाने ढकललं, कारण एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातात फायली. मंगळवार, दुपारचे दोन. आत जायचं, शेवटचा भाग संपवायचा आणि त्या संगणकाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, एवढंच मनात होतं. पण माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

माझी म्हणजे, कागदोपत्री ती सरकारचीच. पण गेले तीन आठवडे दुपारची जेवणाची सुट्टी मी त्या खुर्चीत काढली होती. मी प्रोबेशन ऑफिसर आहे. ज्या मुलांच्या हातून गुन्हा घडला, पण कोर्टाने कोंडून न ठेवता घरी पाठवलं, अशी चौदा मुलं माझ्याकडे आहेत. दर आठवड्याला भेटायचं, घरी जाऊन यायचं, कोर्टाला अहवाल द्यायचा. पाच वर्षं हे काम केल्यावर मुख्यालयाला साक्षात्कार झाला, की आम्हाला ते येत नाही. म्हणून संगणकावरचं प्रशिक्षण आलं, एकूण बारा भाग. वर मोठ्या अक्षरांत ‘आपापल्या गतीने शिका’ आणि खाली लाल अक्षरांत ‘शुक्रवारी पाच वाजेपर्यंत’. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्याने सोमवारपासून मुलांसमोर बसायचं नाही. त्याच्या फायली दुसऱ्याकडे जाणार.

“ऐका ना,” खुर्चीतला माणूस मान न वळवता म्हणाला, “हे म्हणतंय माझे अकरा भाग झालेत. मी तर आज पहिल्यांदा बसतोय.”

“अभिनंदन. आता उठता का?”

“सत्त्याण्णव टक्केसुद्धा दिलेत...” त्याने आता वळून पाहिलं. चेहऱ्यावर खरोखरचा प्रश्न होता, आणि चष्म्याच्या एका काचेवर शाईचा ठिपका. “मी इतका हुशार नाहीये हो.”

सत्त्याण्णव टक्के मला होते. मी चहा खाली ठेवला आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे नाव नसतं, फक्त कर्मचारी क्रमांक असतो. आपला कर्मचारी क्रमांक कुणाला पाठ असतो?

“हा क्रमांक कोणाचा आहे?” मी विचारलं.

“माझा,” तो म्हणाला.

उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली, कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो बदली होऊन आमच्याकडे आला, पण दुपारी तो कोर्टात आणि मी इथे, त्यामुळे गाठ पडली नव्हती. पहिल्याच दिवशी दप्तरीकाकांनी त्याला या संगणकावर बसवलं, त्याने आपला क्रमांक टाकला, ‘मला लक्षात ठेवा’वर खूण केली आणि तेवढ्यात त्याला कोर्टात बोलावलं. संगणकाने त्याला इमानेइतबारे लक्षात ठेवलं. त्यानंतर रोज मी आले, पान उघडंच दिसलं, आणि मी त्याच्या नावावर अकरा भाग शिकले.

माझ्या क्रमांकाने पान उघडलं, तर त्यावर लिहिलं होतं, ‘स्वागत आहे. सुरुवात करूया?’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला काही बोलावं, तर त्याची चूक एका खुणेएवढी. स्वतःला बोलावं, तर तेवढा वेळ नव्हता.

“मी कळवतो त्यांना,” तो म्हणाला आणि मुख्यालयाच्या मदत कक्षाला पत्र लिहायला बसला. एकेका बोटाने. वाक्य लिहायचा, वाचायचा, स्वल्पविराम टाकायचा, काढायचा. माझा चहा संपला, त्याचा गार झाला. मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं – सावकाशराव.

तासाभराने उत्तर आलं. एकाची प्रगती दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही. यावर सावकाशराव पुन्हा काहीतरी लिहायला लागले.

“आता काय लिहिताय?”

“माझं खातं शून्य करा म्हटलं.”

“अहो, पण का? तुमचं तरी राहिलं असतं. एकच भाग बाकी होता.”

“ते माझं नव्हतं ना,” तो म्हणाला, आणि पाठवलंसुद्धा. एवढी एकच गोष्ट त्याने झटक्यात केली.

अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडले. दाराबाहेर जाऊन दोन मिनिटं येरझाऱ्या घातल्या, तेव्हा मला एका मुलीची आठवण झाली.

माझ्या चौदा जणांत एक मुलगी आहे, सोळा वर्षांची. चार महिने ती दर गुरुवारी माझ्यासमोर येऊन बसली आणि भिंतीकडे पाहत राहिली. मी बोलायचे, ती नाही. पाचव्या महिन्यात एके दिवशी ती म्हणाली, “तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.” बस्स, एवढंच. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, मग घड्याळ लाव की नीट. कुणालाच कळणार नाही, पण माझ्यासाठी तो दिवस मोठा होता. आता ती आठवड्याला चार-पाच वाक्यं बोलते. तिची फाइल दुसऱ्या कुणाकडे गेली, तर ती पुन्हा भिंतीकडे पाहायला लागणार, आणि या वेळी किती महिने, कुणास ठाऊक.

मी आत गेले. “बसू द्या मला. बारा भाग आहेत, चार दुपारी.”

तो उठला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून शेजारी बसला. “मीही बघतो. बघून थोडं डोक्यात जाईल.”

“आणि तुमचे बारा?”

“माझं मी बघतो.”

बरं, म्हटलं. आणि पहिला भाग सुरू केला.

तुम्ही कधी तेच प्रशिक्षण दुसऱ्यांदा घेतलं आहे का? पडद्यावरची बाई तेच हसू हसते, तीच मान हलवते आणि म्हणते, ‘इथे थांबा आणि विचार करा.’ पुढे ढकलता येत नाही. पहिल्या वेळी मी इथे थांबून फायलींना दोरे बांधले होते. सावकाशराव खरोखर थांबायचे आणि विचार करायचे. बुधवारी चौथ्या भागाच्या प्रश्नावलीत मी ‘ब’वर बोट ठेवलं, तर म्हणाले, “एक मिनिट... मूल खोटं बोलतंय हे आपल्याला कसं कळलं?”

“उत्तर ब आहे. मी मागच्या आठवड्यातच दिलंय.”

“असेल. पण पटतं का तुम्हाला?”

पटत नव्हतं. तेच तर माझं दुखणं होतं. आम्ही वीस मिनिटं वाद घातला, शेवटी ‘क’ दाबलं, आणि चूक निघालं. तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला, “सॉरी.” मी म्हटलं, “तुम्ही माझ्या मुळावर आला आहात.” तो हसला. हसताना त्याचा चष्मा घसरतो आणि तो सरळ करायचं त्याला सुचत नाही. माझा हात उगाच पुढे गेला, तो मी माऊसवर नेऊन ठेवला.

गुरुवारी सातवा भाग उघडला. यात जोडीने सराव करायचा असतो. एक जण अधिकारी, एक जण अशील, वीस मिनिटं संवाद, सगळं ध्वनिमुद्रित.

“मागच्या वेळी जोडीला कोण होतं?” त्याने विचारलं.

मी छताकडे पाहिलं. “मीच.”

“दोन्ही आवाज तुमचे?”

“मुलाचा जरा जाड काढला होता.”

“आणि तरी इतके टक्के?”

“मुलगा फारच सहकार्य करणारा होता.”

तो इतका हसला की स्टूल करकरलं. मग गंभीर होऊन म्हणाला, “आज मी अधिकारी होतो. तुम्ही अशील व्हा.” नियम पडद्यावर होते. ‘का’ने प्रश्न सुरू करू नका. सल्ला देऊ नका. उत्तर मिळाल्यावर लगेच बोलू नका.

“आज इथे येताना कसं वाटत होतं?” त्याने विचारलं.

“वैताग आला होता.”

“वैताग.”

“हो. सगळ्याचा. या मशीनचा, त्या बाईच्या हसण्याचा, तुमचा.”

तो काही बोलला नाही. नुसता पाहत राहिला, चेहऱ्यावर आग्रह नाही, घाई नाही. पंखा फिरत होता. मला शांतता सोसत नाही. समोरचा गप्प झाला की मला वाटतं, तो आता उठून जाणार, म्हणून मी बोलत सुटते... आणि हेच मी मोठ्याने बोलतेय, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मग थांबता येईना. त्या मुलीबद्दल बोलले. पाच वर्षांत एकदाही कुणी मला, तू कशी आहेस, असं विचारलं नाही, हे बोलले. घरी गेल्यावर मीसुद्धा भिंतीकडे पाहत बसते, हेही.

वीस मिनिटं झाल्याची घंटा वाजली. त्याने हळूच ध्वनिमुद्रण बंद केलं.

“मी काल्पनिक अशील होते,” मी घाईने म्हटलं.

“हो तर. मला कळलं.” मग चष्म्याशी खेळत, “त्या काल्पनिक अशिलाला... चहा पाजला तर चालेल का?”

“नियमात बसत नाही.”

“कोणत्या भागात आहे?”

“अकराव्या. सीमारेषा.”

“आपण अजून सातव्यातच आहोत,” तो म्हणाला.

चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर प्यायलो. त्याला संपवायला पाऊण तास लागला. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. घरी आईने विचारलं, “आज चिडली नाहीस ती कशी?” मी म्हटलं, “चिडलेय.” आई म्हणाली, “दिसतंय,” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी पाचला वीस मिनिटं असताना बारावा भाग संपला. ब्याण्णव टक्के. त्याच्या वादविवादापायी पाच टक्के गेले होते. प्रमाणपत्रावर माझं नाव होतं, माझा क्रमांक होता. मी तो कागद घेऊन जवळजवळ पळतच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या अधीक्षक. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत आणि आश्चर्य कशाचंच वाटत नाही.

त्यांनी यादीवर टिक केलं. “तुझं झालं. मुलगी तुझ्याकडेच. नव्या साहेबांचं मात्र एक.”

“एक काय?”

“एकच भाग अगं. अकरा बाकी. त्यांच्या नऊ फायली सोमवारी वाटून टाकायच्या.”

मी उभीच राहिले. दुपारी दोनपर्यंत तो संगणक दप्तरीकाकांच्या नोंदींसाठी असतो. दोन ते साडेपाच, चार दिवस. एका माणसाचे बारा भाग त्यात जेमतेम बसतात, दोघांचे कुठून बसणार? हे गणित शाळकरी पोराने सोडवलं असतं. मला ते चार दिवसांत सुचलंसुद्धा नाही.

“काही मार्ग नाही का?” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“आहे ना. प्रमाणपत्र असलेला अधिकारी प्रत्येक भेटीत शेजारी बसला, तर महिनाभराची मुदत मिळते. फॉर्म आहे.”

“मग हे मला मंगळवारी का नाही सांगितलंत?”

“तुझी ती मुलगी तिसऱ्या माणसासमोर तोंड उघडेल का?”

उघडलं नसतं. मी फॉर्म घेतला आणि उभ्या उभ्याच भरला.

दप्तरखोलीत तो स्टूल जागेवर ठेवत होता.

“एकच भाग?” मी दारातूनच म्हटलं.

“हं... कळलं का.” तो ओशाळला. “माझी मुलं मला तीन आठवडे ओळखतात. अजून कुणी बोलायला लागलेलं नाही, त्यामुळे कुणी गप्प होणार नाही. तुमच्याकडची गोष्ट वेगळी होती.”

“हे तुम्ही एकट्याने ठरवलंत. मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही उठला असता.”

“उठलेच असते.” माझे डोळे भरून आले आणि त्यामुळे मी आणखीच चिडले. “मला राग आलाय. तुमच्यावर. नाही, माझ्यावर. चार दिवस मी तुमच्या शेजारी बसले, माझं सगळं तुम्हाला सांगून झालं, आणि तुमचं किती झालं एवढं विचारलं नाही. तुम्ही कुठे राहता, घरी कोण आहे, काही विचारलं नाही. वर ऐकण्याचं प्रमाणपत्र घेऊन आले.”

“खोली घेतलीय, मागच्या गल्लीत,” तो म्हणाला. “घरी मी एकटाच. बहीण रविवारी फोन करते. या रविवारी तिला तुमच्याबद्दल सांगणार होतो... सांगू का, हे आधी तुम्हाला विचारायचं होतं.”

मी फॉर्म त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचायला घेतला, पहिल्या ओळीपासून, आणि मी ते सहन केलं.

“नऊ मुलं,” तो म्हणाला, “महिनाभर, प्रत्येक भेटीला तुम्ही? तुमच्या चौदांशिवाय?”

“हो.”

“हा एक रकाना राहिलाय. ‘अर्जदाराशी नाते’.”

“माहितीये. ‘सहकारी’ लिहिणार होते. लिहवेना.” मी श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता. ते तिथे चालत असेल, तर लिहा.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याचे कान लाल झाले होते. “चालणार नाही. बाई परत पाठवतील,” तो म्हणाला. “पण मलाही तुम्ही आवडता. मंगळवारी पायाने दार ढकलून आत आलात, तेव्हापासून.”

मग त्याने पेन मागितलं, रकान्यात सावकाश काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. ‘तूर्त सहकारी’.

सोमवारी मोठ्या बाईंनी फॉर्म वाचला, आमच्या दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. फॉर्म परत आला तेव्हा ‘तूर्त’खाली लाल शाईची एक रेघ होती.