मामांचं कुलूप

मोबाइल खिशात घाला, मग सांगतो. आणि मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून जाईन. ज्याची गोष्ट आहे त्याच्याबरोबर मी वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बारा वर्षं काढली आहेत. दारातून वाकून यायचा, म्हणून आम्ही त्याला लंबू म्हणायचो.

गेल्या वर्षीची मंगळवारची रात्र. लंबू रात्रपाळीला निघाला, तर बायकोनं हातात थर्मास दिला. "भाऊ आज खांबावर आहे. जाता जाता एवढा चहा पोचवा."

मेव्हणा वायरमन. लंबूनं खांबाखाली थर्मास ठेवला. वरून मेव्हणा ओरडला, "साखर कमी असेल तर परत न्या, दाजी!" लंबू हसतच कामावर आला.

आमच्याकडे स्विच दहा किलोमीटरवर असला तरी नेटवर्कवरून चालतो. पूर्वी एक शिस्त होती. खांबावरच्या माणसाचा आवाज कानानं ऐकायचा, मगच लाइन चालू करायची. ती लावली मामांनी, आमच्या सगळ्यात जुन्या वायरमननी. नेटवर्क आलं, आवाजाच्या जागी मेसेज आला. त्यातच मामा गेले. खांबावर असतानाच कुणीतरी लाइन चालू केली... त्यांचं खातं सिस्टीममधून बंद करायचं काम लंबूवर आलं. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

तर त्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी, नेटवर्क पडलं. अख्खी स्क्रीन करडी. दोन-सतराला परत आलं. आल्या आल्या मेव्हण्याचा मेसेज, 'काम झालं, खाली उतरलो.' तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन. जनरेटर दम तोडतोय, लाइन द्या. लंबूनं मेव्हण्याला फोन लावला. लागेना. पण मेसेज तर समोर होता.

त्यानं बटण दाबलं.

'नाकारलं. या स्विचला कुलूप आहे.'

लाइनवर माणूस असला की आम्ही स्क्रीनवर लाल कुलूप लावतो. मेव्हण्याचं कुलूप त्या मेसेजनं आपोआप निघालं होतं. हे दुसरंच होतं.

कुणी लावलं? लंबूनं बघितलं.

नाव मामांचं. वेळ दोन-सोळा.

दोन-सोळाला तर... नेटवर्कच नव्हतं.

"कुणीतरी चोर शिरलाय सिस्टीममध्ये," तो स्वतःशीच म्हणाला. पण हात बटणाकडे जाईना. कपाटात जुना रेडिओ होता, नेटवर्क पडलं तर असावा म्हणून ठेवलेला. तो काढला.

"कुठं आहेस?"

खरखर...

"अरे, कुठं आहेस?"

...

"वरच आहे, दाजी. तार हातात आहे. का हो?"

 टेबलावर डोकं ठेवून लंबू लहान पोरासारखा रडला.

मेव्हणा उतरल्यावरच लाइन दिली, शेजारच्या स्विचवरून. जनरेटरनं तोवर कसाबसा तग धरला. पुढं चौकशी झाली. तो मेसेज संध्याकाळच्या दुसऱ्या कामाचा होता. नेटवर्कमध्ये अडकला आणि नेटवर्क उठल्यावर ताजी वेळ घेऊन बाहेर पडला. ते भगदाड बुजवलं. कुलपाचं मात्र कुणालाच सांगता आलं नाही. ते निघेनाही.

गेल्या महिन्यात सिस्टीमच बदलली. नवी मशिनं, कोरी यादी. मामांचं नाव त्यात कुणी भरलंच नव्हतं. मी स्वतः तिथं उभा होतो. स्क्रीन लागली...

सगळे स्विच हिरवे.

एक लाल.