सव्वा मूठ

कर्र, असा खाटेचा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. मी सुई हातात तशीच धरून वर पाहिलं. ओसरीतल्या सुतळीच्या खाटेवर हिरल कुशीवर वळली होती, एवढंच. झोपेतही तिचा एक हात उशीखाली होता. तसं झोपायची सवय तिच्या पप्पांची. खाटही त्यांचीच.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. पोरगी झोपली की मला जी घटकाभर मिळते, तेवढ्यात मी मांजरपाटाच्या पिशवीत पार्सल शिवत होते.

हिरलचे पप्पा फौजेत आहेत. चैत्रात त्यांची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या फौजेबरोबर दक्षिण सुदानला गेली. तिथली जमीन आपल्या कोरीट गावासारखीच काळी आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, असं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. ते ऐकून मला उगाच बरं वाटलं होतं. पार्सलवर मात्र देशाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि फौजेच्या पोस्टाचा आकडा. पिशवी खिडकीतून आत सरकवली की ती नेमकी कुठे निघाली, ते वाचून कळतच नाही. नंदुरबारच्या पोस्टातला कारकून मला ओळखू लागला होता. "वहिनी, पुन्हा मिरची का? मागच्या वेळी अख्खं पोस्ट शिंकत होतं," असं म्हणून तो शिक्का मारायचा.

मिरची असायचीच. शिवाय ज्वारीचे पापड म्हणजे बिबडे, शेंगदाण्याची चटणी, आणि हिरलनं काढलेलं एखादं चित्र.

आमच्या घरात अहिराणी बोलतात. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून हिरलशी शाळेतलं मराठी बोलते, पण ती उचलते आजीचंच. "पप्पा तठे काय खातस?" असं विचारते. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. वर्षभर आमचं घर या दोन शब्दांमध्ये राहिलं.

त्या पार्सलमध्ये एक वस्तू नेहमीची नव्हती. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गहू मुठीनं घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. आमच्याकडे दोघांच्या. एक आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि एक यांची. गिरणी धुऊनपुसून मग दळण होतं. ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याच्या तोंडी घास जाऊ द्यायचा नाही. ताट धुतलेलं पाणीसुद्धा पायदळी येऊ नये म्हणून खड्ड्यात ओतायचं. हे सगळं माझ्या सासूबाई, मंगलाबाई, फार कडक पाळतात. घरात आम्ही त्यांना जिजी म्हणतो. त्याच जिजींनी त्या वर्षी आपल्या हातानं मुठीएवढं पीठ बाजूला काढलं, तुपात भाजलं आणि त्याचे लहान लहान लाडू वळून माझ्यापुढे ठेवले.

"जिजी, रोट घराबाहेर चालतात?" मी विचारलं.

"त्यानी मूठ शे ती. तो नही खाई ते कोन खाई?" त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पन सांगी दे भाग्येशले. दुसरा कोनले देवाना नही."

मी सांगितलं. फोनवर सांगितलं आणि डब्यावर चिठ्ठीही चिकटवली.

पार्सल पोचलं ते नवरात्रात. लाडू संपले, मस्त होते, असं हे म्हणाले.

"एक दिला मी," ते म्हणाले. "रागावू नको. जिजीले सांगू नको. तळाच्या तारेबाहेर एक झाड आहे. त्याच्याखाली एक माणूस रोज बसलेला असतो. माझ्याच वयाचा. काही मागत नाही, नुसता बघतो. माझ्या हातात लाडू होता. एकट्यानं खाववेना."

"मग?"

"दोन्ही हातांत धरून खाल्ला त्यानं. बोटं चाटली. मग हातानंच विचारलं, हे कुठून आलं. मी आपला पूर्वेकडे हात दाखवला."

"आणि?"

"आणि काय? दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. गया व्हई कोठे."

फोन स्पीकरवर होता आणि जिजी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र त्या दिवशी करपली.

थंडी पडली. नंदुरबारच्या बाजूला मिरच्या वाळत पडल्या आणि वारा तिकडून आला की सगळं गाव ठसकायचं. अशाच एका सकाळी आबा खाटेवर टेकले आणि लगेच उठले.

"कोन बठेल व्हतं वं आठे?" त्यांनी विचारलं. "खाट गरम लागी ऱ्हायनी."

कुणीच बसलं नव्हतं. मांजर असेल, मी म्हणाले. आबा म्हणाले, मांजरानं एवढी खाट ऊब धरेल होय? आणि हसले. पण नंतर त्यांच्या लक्षात आलं की सुतळी मधोमध खोल गेली आहे. त्यांनी पायथ्याची दोरी ओढून खाट ताणून घेतली. दोन दिवसांत ती पुन्हा झोळीसारखी झाली. नवी सुतळी सैल होते हे मला ठाऊक आहे. ही नवी नव्हती.

मग भाकरी कमी पडू लागली. जिजी भाकऱ्या मोजत नाहीत, त्यांच्या हाताला माणसं माहीत असतात. टोपलीत एक भाकरी शिळी राहिली की आपण म्हाताऱ्या झालो, असं त्या म्हणायच्या. आता रोज शेवटच्या ताटाला एक कमी. कधी त्या हिरलला रागवायच्या, कुत्र्याला घालते म्हणून. मी आबांकडे बघायचे, थंडीची भूक म्हणून. काही दिवसांनी जिजी न बोलता एक जास्त थापायला लागल्या. ती उरत नव्हती.

यांचा फोन आला तेव्हा आवाज हसरा होता.

"इथं गंमत चालू आहे," ते म्हणाले. "जेवणाच्या रांगेत माझा नंबर आला की ताट संपतं. मोजून काढलेली ताटं, तरी एक कमी. रोज माझ्यापाशीच. आचारी शिव्या खातो बिचारा."

"मग जेवता काय?"

"भूकच लागत नाही गं. पोट भरल्यासारखं असतं."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन टोपलीवरचं फडकं उचललं आणि परत झाकलं.

मला सांगायला संकोच वाटतो, पण घर त्या दिवसांत भरल्यासारखं वाटायचं. हे गेल्यापासून दुपार माझ्या अंगावर यायची. आबा शेतात, जिजी शेजारी मोतीबाईकडे, आणि मी भिंतीवरच्या पालीचा आवाज ऐकत बसलेली. संक्रांतीचं पार्सल शिवताना मी मनातलं मोठ्यानं बोलत होते. हिरलला शाळेत बाई काय म्हणाल्या, विहिरीचं पाणी किती उतरलं, मला रात्री झोप कशी लागत नाही. कुणाशी, ते माझ्या ध्यानात नव्हतं. "तुम्ही असता तर," मी म्हणाले आणि दोरा दातानं तोडला.

कर्र.

मी वर पाहिलं नाही. हिरल माझ्या मांडीवर झोपली होती.

आवाज झाला तो नेमका कुणीतरी हुंकार द्यावा त्या जागी. आणि भीती वाटण्याआधी, अगदी क्षणभर, मला हलकं वाटलं. त्या क्षणाचीच मला नंतर जास्त भीती वाटली.

संध्याकाळी मी जिजींना म्हणाले, "ती जास्तीची भाकरी नका करू."

त्या पीठ मळत राहिल्या. "फोनवर तो बोली ऱ्हायंता ते मी ऐकेल शे," त्या म्हणाल्या. "आपला घरना रोट खादा त्यानी. त्याले उपाशी कसा ठेवू?"

"जिजी, तो कोण आहे हे तरी..."

"माले नही ठाऊक." त्यांनी पिठाचा हात झटकला. "पन मी आठे वाढसू, ते तठे कोनी मन्हा पोरगाले वाढी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्रीही एक भाकरी जास्त झाली.

चैत्रात वर्ष भरलं. पलटण परत यायला निघाली, पण पहिल्या विमानात यांची जागा निघाली नाही. दुसऱ्यातही नाही. चूक झाली, दुरुस्त होईल, ते म्हणाले. त्यांचा आवाज आता लांबून यायचा, लाईन चांगली असली तरी. मध्येच थांबायचे. एकदा म्हणाले, फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना विचारलं, आपण कोण. तो पहारेकरी म्हणजे वर्षभर यांच्याच तंबूत झोपलेला पोरगा.

"मग काय म्हणालात?"

"नाव सांगितलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "जरा आठवावं लागलं."

त्या दिवशी हिरलनं फोन घेतला नाही. खाटेपाशी बसून ती भातुकली मांडत होती. पप्पा बोलतायत, ये, मी म्हणाले. तिनं मान हलवली. तिच्यापुढे एक लहान वाटी होती आणि खाटेच्या कडेवर दुसरी, हाताला येईल अशी ठेवलेली.

मग पुन्हा श्रावण आला.

मी आठवडाभर विचार करून ठरवलं होतं. माझं शिक्षण मला यात काही सांगत नव्हतं, मला फक्त एवढं दिसत होतं की तिकडे एक कमी मोजला जातो आणि इकडे एक जास्त. तर मग मोजणी इकडूनच नीट करायची. जिजी दरवर्षी मूठ मुकाट्यानं घेतात.

"यंदा नाव मोठ्यानं घ्या," मी म्हणाले. "त्यांना कळू दे, त्यांची मूठ घरात आहे. येतील."

जिजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

सकाळची वेळ होती. ओसरीत ऊन आलं होतं. गव्हाची परात, बाजूला सूप. आबा उंबऱ्याशी बसले. हिरल माझा पदर धरून उभी होती.

जिजींनी गव्हात हात घातला. "सुकलालनी मूठ," त्या आबांचं नाव घेऊन म्हणाल्या. गहू सुपात पडले.

"दोनच घेजो," आबा हळूच म्हणाले. "घरमा दोनच गडीमाणसं शेत."

जिजींनी पुन्हा हात घातला. मूठ भरली. ती सुपावर धरून त्या थांबल्या. दोनचार दाणे गळले.

"भाग्येशनी मूठ," जिजी म्हणाल्या. मोठ्यानं, शेताच्या बांधावरून हाक मारावी तशा.

कर्र.

सुतळी सावकाश ताणली गेली, आणि मग सैल झाली. कुणी हाक ऐकून उठावं, तशी.

आबांनी मागे वळून पाहिलं नाही. जिजींची मूठ उघडली नाही.

हिरलनं मात्र पाहिलं. खाटेकडे, मग आजीच्या मुठीकडे. आणि तिनं माझा पदर ओढला.

"मम्मी, ही मूठ आठला पप्पानी, का तठला पप्पानी?"