अकरा मोजेपर्यंत

बाजू पहिली. गाणं एक.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं मोबाइलचं दुकान. बाहेर श्रावणातली भुरभुर. एका पोरानं ओल्या खिशातून मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"गाणी भरून द्या. पण गाणारा नको."

"मग गाणी कशाची?"

"ड्रमची. अमेरिकेतला जुना जॅझ हाय. बँडपार्टीचा मालकच ड्रमवाला, बाकीचे त्याच्यामागं."

"वरातीत वाजवणार?"

"न्हाई ओ… मला ऐकायचं हाय."

परमेश्वर त्याचं नाव. चौसाळ्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तिथं मालक ट्रंपेटवाला. हा सगळ्यात मागं.

गाणं दोन, गाणं तीन — सांगणार नाही. त्यात नुसता चहा आहे, आणि "कार्ड पुन्हा बिघडलं" असं खोटं बोलणारा एक माणूस.

गाणं चार.

इअरफोनची एक वायर त्याच्या कानात, एक माझ्या. मध्येच ड्रम थांबला. मागची सगळी पार्टी थांबली.

"बंद पडलं का?"

"मोज."

अकरावर काठी पडली, एकच, आणि सगळे धावत सुटले. माझा हात त्याच्या हातात होता… कुणी धरला, देव जाणे.

"दीपे, ते कावून थांबले म्हाईत हाय? त्यांना पक्कं ठाऊक हाय, तो येणार."

बाजू दुसरी.

दसरा. परमेश्वरला ऊसतोडीला जायचं होतं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायला जोडीच लागते, म्हणून दिवाळीआधी घाईनं लग्नं लागतात.

"मुकादम अर्धा कोयता घेत न्हाई," तो म्हणाला.

"मग विचार की मला."

"तुझ्या आईनं पिशवी कधी काढली?"

मी सातवीत होते. पाळीमुळं कामाला खाडे पडतात, म्हणून आईनं गर्भाशयच काढून टाकलेलं. अजून कण्हते.

"मग न्हाई विचारणार," तो म्हणाला.

जोडीला त्यानं स्वतःच्या आईला नेलं. वत्सलाबाई. साठीच्या, गुडघे गेलेल्या.

(इथं गाणं नाही.)

फडातून फोन यायचा. फोन खिशात, हात उसावर. "ऐक… आता मी म्होरं, बाकीचे माझ्यामागं." खच्. खच्. खच्.

एका सकाळी आवाज थांबला.

मी मोजलं. अकरा. बारा. चाळीस…

मग वत्सलाबाईंची किंकाळी.

शेवटचं गाणं.

होळीला तो आला. डाव्या हाताची तीन बोटं नव्हती. कार्ड काउंटरवर ठेवलं.

"पुसून टाका."

मी पुन्हा 'तुम्ही' झाले होते.

"कावून?"

"एका हातानं ड्रम वाजत न्हाई."

मी पुसलं नाही. तेच गाणं लावलं. ड्रम थांबला. त्यानं तोंड फिरवलं. दहावर मी आवाज बंद केला.

अकरा रिकामा गेला.

मग मी डाव्या हातानं पेन काउंटरवर आपटला.

"लई उशिरा," तो तिकडंच बघत म्हणाला.

"मग शिकव. उजवा तुझा, डावा माझा. आपल्यात जोडीच लागती ना?"

"लोक हसतील, दीपे."

"वरातीत हसायलाच येतात."

तो हसला नाही. मग उजवा हात माझ्या हाताशेजारी ठेवला —

"मोज."