पंखा माझ्यासमोरच फिरतो

बोनेटमधून भसाभसा वाफ काढत एक पांढरी गाडी आमच्या दुकानासमोर येऊन थांबली. आतून जो उतरला, तो गाडीपेक्षा जास्त तापलेला. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पाण्याची रिकामी बाटली.

"मेकॅनिक कुठे आहेत?"

"समोर उभी आहे."

तो बघतच राहिला. नजर फिरवायला पाहिजे होती मी… नाही फिरवली.

विक्रोळी पार्कसाइटला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. मी सपना. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून बाबांच्या हाताखाली वायरी सोलतेय. आता बाबा चहा पितात आणि काम मी करते.

ह्याचं नाव सुबोध. राहायला कन्नमवार नगर, मूळ मालवणकडचा. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. गाडी गार होऊ दिली. फ्यूज बघितला — चांगला. बॅटरीवरून वायर थेट मोटरला दिली — गरगर फिरली. पंख्याला करंट सोडणारा रिले जरा काळा पडलेला, तो बदलला.

"आत बसा ना," तो म्हणाला. "बाहेर ऊन आहे. आतूनच टेंपरेचरचा काटा बघू."

बसलो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत गारेगार. काटा अर्ध्यावर येऊन थांबला, पंखा फिरत होता. झकास!

चार दिवसांनी हा परत. "तापली." बसलो… फिरला. पुढच्या आठवड्यात परत. "तापली हो!" बसलो… फिरला.

डोकं आउट झालं माझं. बाबा म्हणाले, "गाडीला काय झालेलं नाय. पोराला झालंय."

हसायला आलं मला, आणि आत कुठेतरी टोचलं पण. एक तर माझा हात चुकतोय, नाहीतर हा थापा मारतोय. हात चुकला असता तर चाललं असतं. पण हा खोटारडा निघालेला मला चालणार नव्हता. का चालणार नव्हता… तेच कळेना.

चौथ्या वेळी सरळ म्हटलं, "पवईला चला. ट्रॅफिकमध्येच बघते."

परत येताना आयआयटीच्या गेटसमोर अडकलो. वीस मिनिटं. काटा अर्ध्यावरून हलेना. पंख्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. तो काट्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"आता का नाही तापत?"

"तुम्ही बसलात की…"

"मी बसले की काय? माझ्यासाठी पंखा फिरतो? असले डायलॉग मला नको मारूस. भेटायचं होतं तर तोंड नव्हतं तुला? माझ्या कामाच्या टायमाला खोटं बोलून यायचं…"

तुम्हीचं तू कधी झालं, समजलंच नाही.

त्याचं तोंड एवढंसं झालं. गोंधळला की ह्याची मालवणी बाहेर यायची. "खरां सांगतंय गो… तापता गाडी!"

"थांबव. उतरते मी."

उतरले, आणि फुटपाथवरून तरातरा चालत सुटले. गाडी हळूहळू पुढे निघून गेली. डोळे का भरले, काय माहीत. गिऱ्हाईकच होता ना? जाऊ दे की…

बरंच पुढे गेले, तर रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी उभी. बोनेटमधून भसाभसा वाफ. बाजूला सुबोध, डोक्याला हात लावून.

काय सांगू, दुसऱ्याची गाडी उकळतेय आणि मी हसतेय! धावतच गेले.

"मी उतरल्यावर काय केलंस? एक एक सांग."

"काही नाही. एसी बंद केला, काच खाली केली, निघालो."

"एसी का बंद केलास?"

"एकट्याला कशाला? पेट्रोल वाया."

मी कपाळावर हात मारून घेतला. एसी लावला की पंखा फिरतोच, इंजिन गरम असो नसो. त्याची लाइन वेगळी. इंजिन तापलं की पंख्याला सांगणारा वेगळा सेन्सर असतो, तो मेलेला. मी बसायचे, हा एसी लावायचा, पंखा फिरायचा. आमच्याकडे सगळ्या गाड्या एसी लावूनच येतात, त्यामुळे माझं लक्षच गेलं नाही.

"आईला लावतोस का एसी?"

"तिला गार वारा सोसत नाही."

"मित्रांना?"

"काचा खाली करा म्हणतो."

"मग मला कशाला?"

तो रस्त्याकडे बघायला लागला. कान लाल. "पहिल्या दिवशी तुझ्या कपाळावर घाम होता… मला बघवेना."

मागून एक टेम्पोवाला हॉर्न मारून गेला. मी ऐकला न ऐकल्यासारखा केला.

"सॉरी," मी म्हटलं. गिऱ्हाइकाला आयुष्यात पहिल्यांदा. "तुला उगाच बोलले."

"सेन्सर बदललास की गाडी तापणार नाही ना?"

"नाही."

"मग मी तुझ्याकडे यायचं कसं?"

"असाच ये," मी म्हटलं. "मला आवडतं… तू आलेलं."

तिथेच कठड्यावर टेकलो दोघं. तो आईचं, गावचं, कंपनीतल्या कटकटींचं सांगत सुटला. मला निम्मं कळलं, निम्मं नाही. त्याचा हात माझ्या हाताला लागत होता आणि दोघंही हलवत नव्हतो.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "झाली असेल ना गार? पाणी घातलं की निघता येईल?"

उठून बोनेटवर हात ठेवला. गार पडलं होतं. पाणी घालून, एसी लावून आरामात विक्रोळी गाठता आली असती.

"नाही रे," मी म्हटलं. "अजून अर्धा तास तरी…"