धानाएवढी खाच

आमगावच्या रेल्वे फाटकापासून दोनशे पावलांवर, राइस मिलच्या मागच्या भिंतीला टेकून खेमराज मिस्त्रीचं दुकान होतं. टिनाची शेड, दाराशी कोंड्याचा ढीग, आत इंजिनात जळलेल्या एरंडेलाचा वास. गावातले बाकीचे मिस्त्री लूना आणि राजदूत उघडत. खेमराजकडे शर्यतीच्या छोट्या कार्टगाड्यांची जुनी टू-स्ट्रोक इंजिनं येत. नारळाएवढं सिलिंडर, ना किक ना गिअर, बाहेरून फिरवून सुरू करायचं, आणि एकदा पेटलं की कानठळ्या बसायच्या. नागपूरचे गोवर्धनबाबू परदेशी भंगारातून ती विकत घेत, खेमराज ती उभी करी आणि पुढे ती कोइमतूर-पुण्याच्या शौकिनांकडे जात. ‘खेमराजचा हात’ म्हणून त्या लोकांत मोठं नाव होतं. ते नाव कसं झालं हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक मेली होती.

टू-स्ट्रोकचा सगळा जीव पोर्टांत, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांत असतो. कानशीनं त्यांची कड नेमकी सरकवली तर इंजिन वाऱ्यासारखं पळतं, केसभर चुकली तर मरतं. बेअरिंग, क्रॅंक, पिस्टन हे सगळं खेमराजला येई. ती केसभराची जाण मात्र त्याच्या मुलीला होती, रीनाला. बारावीनंतर ती दुकानात बसू लागली. डावखुरी पोर. पोर्टाच्या खालच्या कोपऱ्यात ती धानाच्या दाण्याएवढी तिरपी खाच ठेवी, पिस्टनची रिंग अडकू नये म्हणून. तिला ती कुणी शिकवली नव्हती.

१९९९ च्या उन्हाळ्यात गोवर्धनबाबूंनी एक सिलिंडर उजेडात धरून विचारलं, "मिस्त्री, ये हाथ किसका है?"

रीना तिथंच रॉकेलमध्ये हात धूत होती. खेमराज म्हणाला, "माहाच. अजून कोनाचा राहीन?"

पोरीनं हात पुसले, करंगळीपासून एकेक बोट, आणि घरी गेली. धान कापणीच्या आत तिला सालेकशाला दिली. तिथून तिनं निरोप धाडला होता, "बाबा, मले दुकानात येऊ द्या." लोक काय म्हणतील, म्हणून यानं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मलेरिया मेंदूत चढला आणि ती गेली. माणूस रडला, नाही असं नाही. पण नाव आपलंच राहिलं याचं त्याला मनातून बरंही वाटलं होतं, आणि ते त्याला स्वतःला माहीत होतं.

पुढची काही वर्षं तिच्या जुन्या सिलिंडरांवरून मापं उतरवून त्यानं कसंबसं निभावलं. २००६ साली त्याचा उजवा हात थरथरू लागला. दोन इंजिनं तक्रारीसह परत आली. नाव जातं की राहतं अशी वेळ आली, तेव्हाच गोवर्धनबाबूंचं पोतं उतरलं. आत चार इंजिनं.

पहिल्याला तार ओवून शिशाचं सील मारलेलं होतं. शर्यतीत मध्येच कुणी इंजिन उघडू नये म्हणून तसं मारतात. सील अभंग होतं आणि त्यावर साल होतं १९८४. तेव्हा रीना चार वर्षांची होती. खेमराजनं तार कापली, लाकडी हातोडीनं ठोकत सिलिंडर वर काढलं आणि दाराच्या उजेडात धरलं.

कोपऱ्यात धानाएवढी खाच होती, डाव्या हाताच्या तिरक्या रेघांसह.

खेमराजनं जन्मभर लोकांना सुनावलं होतं की धम्माच्या घरात भुताखेताला जागा नाही. त्यानं स्वतःलाही तेच सुनावलं. तिकडच्या मुलखात कुणी डावखुरा मिस्त्री असेल. दुसरं इंजिन वेगळ्या कंपनीचं निघालं. त्यातही खाच होती, पण तिच्यावर काजळीचा कणही नव्हता. तिसऱ्यात लोखंडाचा ताजा कीस सापडला, बोटाला कोमट लागणारा.

चौथं उघडलं तेव्हा पोर्ट कोरे होते. त्यानं भिंगातून दोनदा पाहिलं. दुपारच्या भारनियमनात पंखा बंद पडला, तसा तो कुलूप लावून घरी जेवायला गेला. परत येऊन कुलूप काढलं. पोर्ट झाले होते. रॉकेलचा डबा आणि कानशी, सिलिंडर आवळायच्या व्हाइसच्या डाव्या बाजूला ओळीनं मांडल्या होत्या.

तो घाबरला. पण भीतीपेक्षा हाव मोठी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय जुनीच होती. चारही इंजिनं जुळवून त्यानं नागपूरला पाठवली.

महिन्याभरात गोवर्धनबाबू स्वतः आले, बगलेत पाचवं सिलिंडर घेऊन. असं काम सात वर्षांत पाहिलं नाही म्हणाले. मग चहा आला. खेमराजच्या हातातली कपबशी खडखडू लागली आणि अर्धा चहा मांडीवर सांडला. बाबू बघत राहिले.

"मिस्त्री, तुमसे कप नहीं पकडा जाता. सच बोलो, ये हाथ किसका है?"

आता खरं बोलायला काय हरकत होती? पोर मेलेली, तिला एवढंच हवं होतं, ऐकायला फक्त एक भंगारवाला.

"माहाच," खेमराज म्हणाला.

"तो मेरे सामने करो. नहीं तो आजसे काम बंद."

खेमराजनं सिलिंडर व्हाइसमध्ये आवळलं. उजव्या हातानं कानस उचलली. ती कडेवर टकटक आपटू लागली.

मग डावा हात उठला.

त्यानं तो उचलला नव्हता.

हातानं उजव्याकडून कानस काढून घेतली. शांतपणे, जशी मोठी माणसं लेकराच्या हातातून सुरी काढून घेतात. कीस पडू लागला. खेमराज आपल्याच खांद्यापुढे चाललेलं काम परक्यासारखं पाहत होता. शेवटी कोपऱ्यात खाच पडली.

बाबूंनी पाठ थोपटली. "मान गये. हाथ आपका ही है."

नाव राहिलं. त्या आनंदात खेमराज फाटक ओलांडून घरी आला.

कलाबाईनं भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. दुकानातलं तिला कधीच काही सांगितलं जात नसे. ती चुलीकडे वळून भाकर थापू लागली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला फक्त घास उचलणारा हात दिसला.

"रीने, कितीदा सांगू तुले? त्या हातानं नोको खाऊ."

बोलून गेली आणि भाकरीवरचा तिचा हात थांबला. तिनं मान वळवली नाही.

खेमराजनं घास उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. उजवा हात ताटाशेजारी पडून होता. आता तो थरथरतही नव्हता.

डाव्या हातानं घास ताटात परत ठेवला. मग तो लुंगीवर पुसला गेला, करंगळीपासून, एकेक बोट.