तासाभराची नळी

समोरच्या मोठ्या लॅबमध्ये रांग होती, म्हणून तो आमच्याकडे आला. नाहीतर त्याचा नि माझा संबंध यायचं काही कारणच नव्हतं.

आमची लॅब म्हणजे आत्याच्या दोन खोल्या. आत ती आणि तिचा मायक्रोस्कोप, बाहेर मी आणि माझ्या सुया. तो जहाजावरचा आचारी, लांबलेल्या तापामुळे किनाऱ्यावर अडकलेला. ईएसआर या रक्ततपासणीचा आकडा उतरल्याशिवाय कंपनी त्याला जहाजावर घेणार नव्हती. दिवसभर सुऱ्या चालवणारा हा गडी, सुई बघून पांढराफटक पडला. लहान मुलांसाठी ठेवलेली टॉफी मी त्याच्या हातावर ठेवली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला.

"रिपोर्टला किती वेळ?"

"एक तास. नळीत रक्त भरायचं, नळी उभी करायची आणि तांबड्या पेशी किती खाली बसतात ते बघायचं."

"घाई नाही का करता येत?"

"येते की. नळी तिरकी केली तर भराभर बसतात. पण मग आकडा खोटा येतो."

हे त्याला सांगायची काही गरज होती का? पण बोलायची हौस... दुसरं काय!

तो माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत तासभर बसला. मग दर आठवड्याला येऊन बसू लागला. दुसऱ्याच खेपेला, पेशी खाली का बसतात ते दाखवा, म्हणून खनपटीला बसला. आत्याला विचारून मी त्याला मायक्रोस्कोपखाली त्याच्याच रक्ताची काचपट्टी दाखवली. तो माझ्या शेजारी वाकला — साबणाचा मंद वास आला — आणि हसायलाच लागला. म्हणे, या तर आमच्या धुतलेल्या ताटल्या, एकीवर एक रचलेल्या.

मी त्याला समजावलं, की एरवी या पेशी एकमेकींना जवळ येऊ देत नाहीत. ताप किंवा सूज असली की रक्तात काही प्रथिनं वाढतात, त्यांच्यामुळे पेशी अशा चिकटतात, चळत जड होते आणि नळीत लवकर तळाला जाते. माणूस बरा झाला की प्रथिनं कमी होतात आणि पेशी पुन्हा सुट्या.

"म्हणजे जवळ यायला मध्यस्थ लागतो तर," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"रक्तात लागतो," मी म्हटलं आणि उगाच बाटल्या पुसायला घेतल्या.

आतून आत्या खोकली. तिला खोकला बिकला काही नव्हता.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं. वादळात पातेली कशी बांधून ठेवतात, खारट झालेली आमटी कप्तानाच्या गळी कशी उतरवतात, काय काय सांगायचा! आणि दर खेपेला त्याचा आकडा खाली यायचा. मी हसून अभिनंदन करायची आणि मग बेसिनपाशी जाऊन धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायची. आकडा उतरला की हा जाणार, हे मला दिसत होतं.

जहाज सुटायच्या आठवड्यात आकडा एकदम दुपटीनं चढला. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू... पण मग मनात आलं... ताप उलटला की काय?

आत्यानं मला आत बोलावलं. "काचपट्टी बघ. एक पेशी दुसरीला चिकटलेली नाही. माणूस ठणठणीत आहे. मग तुझी नळी काय बडबडतेय?"

मी बाहेर येऊन वाकून पाहिलं. नळीच्या स्टँडच्या एका पायाखाली कागदाची जाड घडी होती. टॉफीचे कागद. मी दर खेपेला दिलेल्या सगळ्या टॉफ्यांचे, एकात एक नीट दुमडलेले.

तो मान खाली घालून बसला होता.

मी खरंच चिडले. हा रिपोर्ट गेला असता तर दुसरा आचारी चढला असता, नोकरी गेली असती, सगळं सुनावलं. "आणि मला वाटलं, तुम्ही पुन्हा आजारी पडलात. जीव गेला माझा इथे."

त्यानं मान वर केली. "खरंच?"

मी ती घडी काढून घेतली. उरलेलं रक्त नव्या नळीत भरलं, स्टँड सरळ ठेवलं. पुन्हा एक तास.

"मला जायचंय," शेवटी तो म्हणाला. "घर माझ्यावर चालतं. फक्त न सांगता जायचं नव्हतं. आणि सांगायला तास पुरतच नव्हता... म्हणून अजून एक आठवडा मिळतो का बघितलं."

"मग सांगा ना. तास चाललाच आहे."

"तू मला आवडतेस." हे तो माझ्याकडे न बघता नळीकडे बघून बोलला. "परत आलो, तर ही खुर्ची रिकामी असेल?"

"लॅब आहे ही. खुर्ची रिकामी कशी राहील?"

त्याचा चेहरा पडला.

"पण तू ये," मी म्हटलं. "जो बसला असेल, त्याला मी उठवीन."

आकडा अगदी नॉर्मल आला. मी तो लिहिला, आणि तो गेला.

आता आमच्याकडे मशीन आहे. काही मिनिटांत ईएसआर. पेशंट खूश, आत्याही खूश. मला मात्र तो तास आठवतो, आणि त्याच्यामागोमाग ती दुपार. खुर्चीत एक आजोबा कोपरावर कापूस दाबून बसले होते. दार उघडलं. रापलेला चेहरा, खांद्यावर पिशवी... हातात टॉफीचा डबा.

"आजोबा, जरा त्या बाकावर बसता का?"

"का गं, काय झालं?"

"माझं माणूस आलंय."

आत्या या वेळी खोकलीसुद्धा नाही.