चेहरा शेवटी धुवायचा

ही रचलेली गोष्ट नाही. जिच्यासोबत घडलं त्या नेलानेच मला सांगितली. सांगताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

एल साल्वादोर. १९८१ चा मार्च, मंगळवार, भर दुपार.

यादवी युद्ध चालू होतं. रस्त्याकडेला रोज सैनिकांनी मारलेल्यांची प्रेतं सापडायची. सैनिकांच्या भीतीने घरचेही हात लावत नसत. सान दिओनिसियो गावच्या चर्चमधल्या दोघी मात्र ती आणायच्या, धुवायच्या, प्रार्थना म्हणून पुरायच्या. साठीची ट्रान्सितो आणि चोवीस वर्षांची नेला.

"ख्रिस्तालाही क्रुसावरून कोणीतरी उतरवलंच ना," ट्रान्सितो म्हणायची. बाकी उपदेश नाही.

त्या दिवशी ती आली नव्हती. आदल्या सकाळी नदीपलीकडे जखमींना औषधं द्यायला गेली होती.

दुपारी दोघा शेतकऱ्यांनी नदीतून काढलेलं एका बाईचं प्रेत चर्चच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं आणि ते घाईने निघून गेले. अंगभर गाळ. चेहरा दिसतच नव्हता.

नेलाने बादली भरून मागे ठेवली. एकटीने ती पहिल्यांदाच प्रेत धुणार होती.

तेवढ्यात... मागे कोणीतरी बादलीत तांब्या बुडवला.

"चेहरा शेवटी. आधी पाय," ट्रान्सितोचा आवाज. "आणि हळू गं पोरी, मक्याचं पीठ नाही मळायचंय."

नेलाच्या जिवात जीव आला. उशीर का झाला, तिने न वळताच विचारलं.



फक्त खांद्यावरून पाण्याची धार येत राहिली. नेला पाय धूत गेली. हात. मान.

छपरातली कबुतरं दिवसभर घुमायची. आज... एकही नाही.

धार थांबली.

"आता चेहरा," मागून आवाज आला. "रडू नकोस, नेला. मला फार दुखलं नाही."

नेलाने कापड फिरवलं. गाळ निघाला.

ती ट्रान्सितो होती.

नेला गर्रकन वळली...

कोणी नव्हतं. बादली मात्र रिकामी होती.

चर्चच्या फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि फावडं उचललं. संध्याकाळी दोघांनी मिळून तिला पुरलं. गुरुवारी आणखी एक प्रेत आलं. नेला ते धुवायला गेली. पुढे कितीतरी वर्षं जात राहिली.

आता ती सत्तरीला टेकलीय. तो आवाज कुठून आला, हे ती विचारत नाही.

फार दुखलं नाही, हे ट्रान्सितो खरं बोलली की तिला धीर द्यायला... एवढंच तिला झोपू देत नाही.

कारण त्या अंगावरच्या जखमा तिने स्वतःच्या हातांनी धुतल्या होत्या.